जावातील १९४५ : एक लस, एक जाहीरनामा आणि मराठा पलटणी

जकार्ता येथे १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. सुकार्नो यांनी आपल्या घरासमोर ती वाचून दाखवली. मजकूर जेमतेम दोन वाक्यांचा. टंकलिखित कागदाच्या शेवटी तारीख आहे. दिवस १७, महिना ८ आणि वर्ष मात्र ०५! वर्गात हा कागद दाखवला तर मुले पहिला प्रश्न हाच विचारतील, की हे ०५ आले कोठून?

उत्तर सोपे आहे. त्या वेळी जावामध्ये जपानी कालगणना सक्तीची होती. जपानचा पहिला पौराणिक सम्राट इसवी सनापूर्वी ६६० मध्ये गादीवर बसला असे धरून ही वर्षे मोजत. म्हणजे १९४५ अधिक ६६०, बरोबर २६०५. त्याचेच हे शेवटचे दोन अंक. (आपला शालिवाहन शक त्या दिवशी १८६७ होता.) घड्याळेही टोकियोच्या वेळेवर लावलेली होती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला गेला तो राज्यकर्त्यांच्या पंचांगाप्रमाणे. एक राजवट संपते आणि दुसरी सुरू होते, तेव्हा मधली रेघ आपल्या पाठ्यपुस्तकातल्याइतकी ठळक नसते, हे या दोन अंकांवरून समजते.

या संधिकाळाशी महाराष्ट्राचा दोन बाजूंनी संबंध आहे. एक बाजू आहे साताऱ्या-रत्नागिरीकडच्या मराठा शिपायांची. दुसरी आहे परळच्या एका प्रयोगशाळेतील लसीच्या बाटलीची. विज्ञानाच्या मासिकात हा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण वाचता वाचता लक्षात येईल, अशी आमची अपेक्षा आहे.

तांदूळ आणि कोयनेल

मार्च १९४२ मध्ये डच सैन्य शरण आले आणि जावा बेट जपानच्या ताब्यात गेले. डचांची वसाहतशाही गेली म्हणून सुरुवातीला अनेकांनी जपान्यांचे स्वागतच केले. सुकार्नोंची आणि त्यांचे सहकारी मोहम्मद हट्टा यांची डचांच्या स्थानबद्धतेतून सुटका झाली. परंतु जपानला हवे होते तेल, रबर, तांदूळ आणि माणसे. शेतकऱ्यांकडून तांदूळ सक्तीने गोळा होऊ लागला. 'रोमुशा' या नावाने लाखो खेडुतांना वेठीला धरण्यात आले. त्यांतील कित्येकांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसारख्या दूरच्या कामांवर पाठवले, आणि त्यांतले फार थोडे परतले. १९४४-४५ मध्ये जावात मोठा दुष्काळ पडला. बळींचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सारेच लाखांच्या घरातले आहेत. त्याच्या एकच वर्ष आधी, ब्रिटिश अमलाखाली, बंगालही उपासमारीने मेला होता, हेही येथे विसरता कामा नये.

जावा पडल्याचा परिणाम थेट भारतीय सैनिकांच्या रक्तापर्यंत पोचला. युद्धापूर्वी जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोयनेल जावाच्या सिंकोना झाडांपासून येत असे, आणि ते काढण्याचा मोठा कारखाना बांडुंगला होता. हा पुरवठा एका महिन्यात बंद झाला. आसाम-ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर हिवतापाने सैन्य लोळवले होते. कोयनेलच्या जागी मेपाक्रिन हे कृत्रिम औषध आले. कातडी पिवळी पाडणाऱ्या त्या गोळ्या शिपायांना रोज खाव्या लागत. इंफाळच्या आघाडीवरच्या २३ व्या भारतीय डिव्हिजनमधील मराठ्यांनी हा अनुभव घेतला होता. हीच डिव्हिजन पुढे जावात उतरणार होती.

आइकमान संस्थेतील संचालक

जकार्ताची आइकमान संस्था विज्ञानशिक्षकांच्या ओळखीची आहे, निदान तिच्या कोंबड्या तरी. ख्रिस्तियान आइकमान यांना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी येथेच दिसले, की सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की तो बरा होतो. जीवनसत्त्वांच्या शोधाची ही एक पहिली पायरी होती. त्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

जपानी अमलात या संस्थेचे संचालक होते डॉ. अहमद मोख्तार. या पदावर पोचलेले ते पहिले इंडोनेशियन. सुमात्रात जन्मलेल्या मोख्तारांनी ॲमस्टरडॅमला डॉक्टरेट मिळवली होती. लेप्टोस्पायरा या जिवाणूंवरील त्यांच्या कामामुळे, पीतज्वराचा जंतू सापडल्याचा हिदेयो नोगुची या नामवंत जपानी शास्त्रज्ञाचा दावा खोडून काढण्यास मदत झाली होती.

ऑगस्ट १९४४ मध्ये जकार्ताजवळच्या क्लेंडर येथील छावणीत रोमुशांना लस टोचण्यात आली. विषमज्वर, पटकी आणि आमांश यांच्यापासून संरक्षण व्हावे म्हणून ही लस आहे, असे सांगण्यात आले. थोड्याच दिवसांत माणसांचे जबडे आवळू लागले, पाठी धनुष्यासारख्या वाकू लागल्या. हा धनुर्वात होता. शेकडो माणसे तडफडून मेली.

लस आइकमान संस्थेत तयार झालेली नव्हती. ती बांडुंगच्या पाश्चर संस्थेतून आली होती आणि ती संस्था जपानी लष्कराच्या हातात होती. तरीही ऑक्टोबरमध्ये लष्करी पोलिसांनी मोख्तारांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पकडले. जपानची बदनामी करण्यासाठी यांनीच लसीत विष कालवले, असा आरोप होता. छळ झाला, त्यात काही सहकारी मेले. अखेर बाकीचे सुटले. मोख्तारांच्या नावावर मात्र कबुलीजबाब चढला. ३ जुलै १९४५ रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. जपानच्या शरणागतीला तेव्हा सहा आठवडे उरले होते.

मुंबईची बाटली क्रमांक ५३ एन

हे वाचताना मुंबईच्या एका घटनेची आठवण होणे अपरिहार्य आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस वाल्डेमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतील होती. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ५३ एन या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, ते सर्व धनुर्वाताने मेले. चौकशी समितीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

पण पुढे काय झाले ते पाहा. चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध झाली. ती वाचून इतर शास्त्रज्ञ विचार करू लागले. बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच आत शिरले असते तर हवाबंद बाटलीत ते भरपूर वाढले असते, त्यांचे विष साचले असते आणि बाटली उघडताना दुर्गंधी आली असती. तशी दुर्गंधी आली नव्हती. लक्षणेही सुमारे आठवड्याने दिसली. तयार विष टोचले गेले असते तर ती त्याहून लवकर दिसायला हवी होती. शिवाय बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात, हे तर आपण शाळेत शिकवतोच. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. हाफकिनही परक्या सत्तेच्या नोकरीत होते आणि त्यांच्यावरही अन्याय झाला. सत्ता उदार होती म्हणून ते वाचले, असे म्हणता येणार नाही. चौकशीचे कागद लोकांना वाचता आले आणि त्यांतील तर्क तपासता आला म्हणून ते वाचले. मोख्तारांच्या प्रकरणात कागद लष्कराच्या कपाटात होते. ते वाचायला कोणी रॉस नव्हता.

मोख्तारांचा 'रॉस' सापडायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. केविन बेर्ड आणि संगकोत मारझुकी या दोन वैज्ञानिकांनी जुनी कागदपत्रे, आठवणी आणि वैद्यकीय तपशील जुळवून २०१५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा तर्क मुल्कोवालच्या उलट दिशेने जातो. एका वेळी इतकी माणसे अशा प्रकारे आजारी पडावीत, हे मातीतून चुकून शिरलेल्या बीजाणूंनी होत नाही. टोचलेल्या द्रवात विषच असले पाहिजे. धनुर्वाताची लस, म्हणजे टॉक्सॉइड, हे फॉर्मॅलिनने निष्प्रभ केलेले विषच असते. ही क्रिया अपुरी राहिली तर लसच मारते. जपानी लष्कराने आपल्या सैनिकांसाठीच्या टॉक्सॉइडचा प्रयोग रोमुशांवर केला, तो फसला आणि खापर मोख्तारांवर फोडले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सुराबाया शहरात जपानी नौदलाच्या डॉक्टरांनी कैद्यांवर धनुर्वाताचे प्रयोग केले होते, हे युद्धानंतरच्या खटल्यात पुढे आले होते. त्याने या निष्कर्षाला बळकटी मिळते. मोख्तारांचे दफन कोठे झाले, हेसुद्धा २०१० मध्येच निश्चित झाले.

राजा गेला, फौज उरली

आता पुन्हा ऑगस्ट १९४५ कडे येऊ. जपान्यांनी जावातील रेडिओ संच मोहरबंद केले होते. सरकारी केंद्राखेरीज दुसरे काही ऐकणे गुन्हा होता. तरीही सुतान शारीर यांच्यासारखे भूमिगत कार्यकर्ते चोरून परदेशी बातम्या ऐकत. शरणागतीची बातमी त्यांच्याकडून तरुणांपर्यंत पोचली. तरुणांना ताबडतोब घोषणा हवी होती. सुकार्नो आणि हट्टा बिचकत होते. १६ तारखेच्या पहाटे तरुणांनी दोघांना उचलून शहराबाहेर नेले आणि रात्री परत आणले. मसुदा तयार झाला तो एका जपानी नौदल अधिकाऱ्याच्या घरात, आणि सकाळी घोषणा झाली.

शरण आलेले जपानी सैन्य मात्र जागेवरच होते. दोस्त राष्ट्रांनी त्याला हुकूम दिला होता, की आमचे सैन्य येईपर्यंत सुव्यवस्था राखा. जावाची जबाबदारी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या कमांडकडे अगदी शेवटच्या घटकेला, १५ ऑगस्टला आली. त्यांच्याजवळ पुरेशी जहाजे नव्हती आणि जावाच्या परिस्थितीची पुरेशी माहितीही नव्हती. पहिली तुकडी जकार्ताला उतरली २९ सप्टेंबरला. मधल्या सहा आठवड्यांत इंडोनेशियन लोकांनी कचेऱ्या, रेल्वे, वीजकेंद्रे आणि नभोवाणी ताब्यात घेतली. सुराबायात १९ सप्टेंबरला एका हॉटेलवर डच झेंडा फडकला, तेव्हा तरुणांनी वर चढून त्याची निळी पट्टी फाडली. उरलेला लाल-पांढरा झेंडा त्यांचा स्वतःचा होता. जपानी कोठारांतील शस्त्रेही त्यांच्या हाती आली.

सुराबायातील मराठे

२५ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी भारतीय ब्रिगेड सुराबायाला उतरली. तिच्यात तीन पलटणी होत्या. त्यांपैकी दोन पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, चौथी आणि सहावी. तिसरी राजपुताना रायफल्सची. बेळगावच्या केंद्रात तयार झालेले देशावरचे आणि कोकणातले हे शिपाई होते. चौथ्या पलटणीने मार्च १९४४ मध्ये संगशाक येथे जपान्यांना रोखण्यासाठी जबर किंमत मोजली होती. युद्ध संपले होते, घरी जायचे वेध लागले होते. काम सांगितले होते ते असे : जपान्यांची शस्त्रे काढून घ्यायची आणि छावण्यांत अडकलेले कैदी सोडवायचे.

२६ तारखेला मॅलबी आणि इंडोनेशियन पुढारी यांच्यात समझोता झाला, की फक्त जपानी निःशस्त्र होतील, इंडोनेशियन लोकांची शस्त्रे त्यांच्याकडेच राहतील. दुसऱ्याच दिवशी जकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली. अठ्ठेचाळीस तासांत सर्व शस्त्रे जमा करा, नाहीतर गोळी घातली जाईल, असा मजकूर होता. खाली डिव्हिजनच्या सेनापतीचे नाव. या पत्रकांची मॅलबींना कल्पना नव्हती. जकार्ताच्या कार्यालयाला सुराबायातील समझोत्याचा पत्ता नव्हता, किंवा त्याची फिकीर नव्हती. आपला विश्वासघात झाला, असे सुराबायाच्या लोकांना वाटले, आणि त्यांच्या जागी कोणालाही तसेच वाटले असते.

२८ तारखेला हजारो सशस्त्र माणसे रस्त्यावर उतरली. ब्रिगेड छोट्या छोट्या ठाण्यांवर शहरभर विखुरलेली होती. दारूगोळा संपला तशी एकेक ठाणी पडली आणि अनेक शिपाई कापले गेले. सुटका झालेल्या डच स्त्रिया-मुलांचा एक ताफाही जमावाच्या तावडीत सापडला. दुसऱ्या दिवशी सुकार्नो आणि हट्टा यांना विमानाने आणून युद्धबंदी करावी लागली. ३० तारखेला संध्याकाळी तांबड्या पुलाजवळच्या इमारतीसमोर मॅलबी मारले गेले. त्या इमारतीत मराठ्यांचीच एक कंपनी वेढ्यात सापडली होती. मॅलबी नेमके कसे मेले, यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाला. एका तरुणाच्या पिस्तुलाने, असे काहींचे म्हणणे. सोबतच्या अधिकाऱ्याने फेकलेल्या हातगोळ्यानेही ते मेले असतील, असे काहींचे. हे सारे अंधारात आणि गोंधळात घडले.

१० नोव्हेंबरला पाचव्या भारतीय डिव्हिजनने रणगाडे, विमाने आणि युद्धनौकांच्या तोफांनिशी शहरावर हल्ला चढवला. लढाई तीन आठवडे चालली. मेलेल्या इंडोनेशियन लोकांचे अंदाज सहा हजारांपासून पंधरा हजारांच्या पुढे जातात. तो दिवस इंडोनेशिया 'वीरदिन' म्हणून पाळतो.

मुंबईची गोदी, मुंबईचे खलाशी

परतंत्र देशाच्या सैनिकांनी दुसऱ्या परतंत्र देशाचे स्वातंत्र्य चिरडायचे, हे भारतात कोणालाच मानवणारे नव्हते. नेहरूंनी कडक निषेध केला. मुंबई आणि कलकत्त्याच्या गोदी कामगारांनी इंडोनेशियाला निघालेल्या लष्करी मालाला हात लावण्यास नकार दिला. ४९ व्या ब्रिगेडबरोबर गेलेले कॅप्टन पी. आर. एस. मणी सैन्य सोडून मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'चे बातमीदार म्हणून पुन्हा इंडोनेशियात गेले. काही भारतीय शिपाई तर इंडोनेशियन बाजूला जाऊन मिळाले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांनी बंड केले. त्यांच्या मागण्या जेवणाच्या आणि वागणुकीच्या होत्या, तशीच एक मागणी भारतीय सैन्य इंडोनेशियातून परत आणण्याचीही होती. त्याच वर्षी, आपल्याकडे धान्याची टंचाई असताना, शारीर यांच्या सरकारने भारताला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. ज्यांच्यावर आपल्या शिपायांनी गोळ्या झाडल्या होत्या, त्यांनी तो देऊ केला होता.

शेवटचे ब्रिटिश-भारतीय सैनिक नोव्हेंबर १९४६ च्या अखेरीस जावातून निघाले. डचांनी १९४७ आणि १९४८ मध्ये दोन लष्करी मोहिमा काढल्या. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीला आशियाई राष्ट्रांची परिषद भरवली. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सत्तांतर केले आणि महिन्याभरात, २६ जानेवारी १९५० ला, सुकार्नो आपल्या पहिल्या प्रजासत्ताकदिनाचे प्रमुख पाहुणे होते.

मग इंडोनेशिया स्वतंत्र केव्हा झाला? इंडोनेशियन सांगतात १७ ऑगस्ट १९४५. डच सरकार कित्येक दशके २७ डिसेंबर १९४९ म्हणत राहिले. आपण १७ ऑगस्ट ही तारीख पूर्णपणे मान्य करतो, असे डच पंतप्रधानांनी सांगितले ते २०२३ साली.

वर्गात काय करता येईल

पहिली गोष्ट, धनुर्वाताचे दोन्ही दाखले फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. बाटली कधी भरली, लक्षणे किती दिवसांनी आली, किती जणांना आली, वास होता का. कोणत्या माहितीवरून बीजाणू शिरल्याचे कळते आणि कोणत्या माहितीवरून तयार विषाचा संशय येतो, हे मुलांना ठरवू द्या. नववीच्या मुलांना हे जमते. धनुर्वाताची लस आता बाळपणीच मिळते, आणि ती बनवणारे कारखाने पुण्यातही आहेत, बांडुंगलाही आहेत. ती निर्धोक असण्यामागे तपासणीचे किती टप्पे आहेत, हेही याच वेळी सांगता येईल.

दुसरी गोष्ट, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या शिक्षकांसाठी. आपल्या गावातून दुसऱ्या महायुद्धात कोण गेले होते, याची नोंद मुलांकडून करून घ्या. पेन्शनचे कागद, पदके, पत्रे कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशी असतात. 'जावा' किंवा 'सुराबाया' हा शब्द कोठे आला तर तो जपून ठेवा. हे शिपाई खलनायक नव्हते, आणि ज्यांच्याशी ते लढले ते शत्रूही नव्हते. दोन्ही गोष्टी मुलांना एकदम सांगणे अवघड आहे. पण सुराबायात मेलेल्या आपल्या शिपायाचे नाव कोठेच घेतले जात नसेल, तर निदान त्याच्या गावच्या शाळेने ते घ्यावे, असे आम्हाला वाटते. मोख्तारांचे नाव स्वच्छ व्हायला सत्तर वर्षे लागली. आपल्या शिपायांच्या बाबतीत तर अजून सुरुवातही व्हायची आहे, आणि ती करायला एक वही पुरते.